डोंगराची उंची वेगळी, पायांचा चढ वेगळा



मी अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावांत बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी बोलते ते बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि हप्ते यांवर. आज जरा वेगळा विषय आहे. डोंगर चढताना आपण किती चढलो, हे मोजायचं कसं आणि त्यासाठी कोणतं साधन निवडायचं? तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या ट्रेकवाल्यांचं काम, आपल्याला काय त्याचं? मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या डिसेंबरात एक गोष्ट घडली आणि आमच्या एका गटाला हा विषय बैठकीत घ्यावा लागला.

या गटातल्या बाया डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यांना जेवण देतात. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. त्यातल्या तिघीजणी गाईड म्हणून सोबतही जातात. त्या दिवशी शहरातून नऊ बायकांचा चमू आला होता. जेवणं झाली तेव्हा साडेबारा वाजले होते. त्यांच्यातल्या एकीने आमच्या गाईड ताईला विचारलं, "किती लांब आहे हो?" ताई म्हणाली, "साडेचार किलोमीटर. दीड तासात पोचू." ती खोटं बोलली नव्हती. अंतर तेवढंच आहे, आणि ती स्वतः सव्वा तासातच वर जाते. लहानपणापासून गुरांमागे फिरलेली बाई ती.

पण त्या नऊजणींना वर पोचायला चार वाजले. उतरताना एका साठीतल्या मावशींचा गुडघा धरला. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पुढे दीड तास अंधारात, दोन मोबाइलच्या उजेडात, मावशींचे हात धरून त्या उतरल्या. कुणाला काही झालं नाही, ही देवीची कृपा. खाली आल्यावर मात्र शब्दाला शब्द लागला. पाहुण्यांपैकी एकीचा मोबाइल सांगत होता की चढ ९६० मीटर झाला. दुसरीचा म्हणत होता ८१०. एक म्हणाली, "तुम्ही आम्हाला फसवलंत." आमची गाईड ताई काहीच बोलली नाही. पुढच्या बैठकीत मात्र ती रडली. म्हणाली, "मी अंतर खरं सांगितलं होतं. चढ किती ते मला कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं."

तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू. डोंगराची उंची आणि आपण चढलेला चढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळसूबाईचंच बघा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, उंची १६४६ मीटर. नवरात्रात आपल्यातल्या कितीतरी जणी देवीच्या दर्शनाला वर जातात. खाली येऊन लोक सांगतात, "आम्ही १६४६ मीटर चढलो." तसं नसतं. ती उंची समुद्राच्या पातळीपासून मोजलेली आहे. आपण समुद्रापासून चढायला सुरुवात करत नाही, बारी गावातून करतो, आणि बारी गाव आधीच बऱ्याच उंचीवर वसलेलं आहे. बारीतून शिखरापर्यंतचा चढ साधारण आठशे-नऊशे मीटरचा. तोही काही थोडा नाही.

दुसरी बाजू याच्या उलट आहे. कधीकधी पायांना होणारा चढ हा माथा आणि पायथा यांच्यातल्या फरकापेक्षा जास्त असतो. कसा, ते आपल्या पासबुकावरून समजून घेऊ. गटाच्या खात्यात महिन्याच्या सुरुवातीला दहा हजार होते आणि शेवटी बारा हजार. म्हणजे महिन्यात दोन हजारच जमा झाले का? नाही. जमा पाच हजार झाले असतील आणि तीन हजार काढले असतील. शिल्लक वेगळी, एकूण जमा वेगळी. डोंगरावर तुम्ही आत्ता किती उंचीवर उभ्या आहात ती शिल्लक. आणि वाटेत जेवढं जेवढं चढलात त्या सगळ्याची बेरीज म्हणजे एकूण जमा. मध्ये खिंडीत उतरलात तर शिल्लक कमी होते, पण पायांनी आधी केलेली जमा पुसली जात नाही. उलट उतरलेलं तेवढं पुन्हा चढावं लागतं.

आमच्या गावामागच्या डोंगराचं उदाहरण देते. गाव ७२० मीटरवर आहे आणि माथा १३०० मीटरवर. फरक ५८० मीटरचा. पण वाट सरळ नाही. पहिली सोंड चढून आपण ९०० वर जातो, मग खिंडीत ८४० पर्यंत उतरतो. तिथून ११४० पर्यंत चढतो, मग घळीत ११०० वर उतरतो, आणि शेवटी १३०० च्या माथ्यावर जातो. आता फक्त चढ मोजा. आधी १८०, मग ३००, मग २००. बेरीज ६८०. म्हणजे फरकापेक्षा शंभर मीटर जास्त. आणि परत येताना त्याच खिंडीतून आणि घळीतून पुन्हा वर यायचं, म्हणजे आणखी शंभर. जाऊन-येऊन चढ ७८० मीटर. आमच्या ताईच्या साडेचार किलोमीटरमध्ये यातलं काहीच दिसत नव्हतं.

हा आकडा हवा कशाला, तर वेळ काढायला. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब सांगितला. तो आजही डोंगरात वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास धरायचा. आमच्या वाटेला लावून बघू. साडेचार किलोमीटरचे ५४ मिनिटं, ६८० मीटर चढाचे एक तास आठ मिनिटं. मिळून दोन तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा. सवय नसलेला चमू असेल, फोटो काढायचे असतील, पाणी प्यायचं असेल, तर निम्मा वेळ वर धरा. झाले तीन तास. उतरायलाही दोन-अडीच तास लागतात, कारण उतारावर गुडघे जपावे लागतात. वर थोडं बसणं आलं. म्हणजे हा पूर्ण सहा तासांचा कार्यक्रम होता आणि तो दुपारी साडेबाराला सुरू केला होता. हा हिशेब त्या दिवशी आमच्याकडे असता, तर ताईनेच सांगितलं असतं, "आज खिंडीपर्यंतच जाऊ. माथा उद्या सकाळी."

मग बैठकीत प्रश्न आला, चढ मोजायचा कशाने? सचिव ताईच्या भाच्याने सांगितलं, डोंगरात वापरायचं एक घड्याळ मिळतं, हाताला बांधायचं, सगळं सांगतं. किंमत अठरा हजार. गटाच्या निधीत तेवढे पैसे होते. पण त्याच बैठकीत एका सदस्येने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं होतं. घड्याळ घेतलं तर तिला द्यायला पैसे उरत नव्हते. अध्यक्षा म्हणाल्या, "आधी बघू तरी, घड्याळावाचून अडतं का." मला हे फार पटलं. भाच्याने मित्राचं घड्याळ दोन दिवसांसाठी मागून आणलं, आणि आम्ही चार रीती पारखून बघायचं ठरवलं.

पहिली रीत, मोबाइलमधलं जीपीएस. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश पकडून मोबाइल आपली जागा काढतो. नकाशावर आपण कुठे आहोत, हे तो चांगलं सांगतो. उंची सांगताना मात्र तो जास्त चुकतो. कारण सोपं आहे. उपग्रह आपल्या चारी बाजूंना असतात, पण पायाखाली नसतात. मध्ये पृथ्वी आहे. त्यामुळे वर-खालीचा अंदाज कच्चा राहतो. त्यात कड्याखालून चालताना अर्धं आकाश झाकलेलं असतं आणि संदेश कड्यावर आपटून मोबाइलकडे येतात.

आता यातली खरी गोम ऐका. तुम्ही झाडाखाली बसल्या आहात, हललाही नाहीत. मोबाइल मात्र एकदा म्हणतो ८४०, मग ८४६, मग ८३९, मग ८४५. ॲप काय करतं? वर गेलेला आकडा जमेत धरतं. सहा मीटर जमा, पुन्हा सहा मीटर जमा. एखाद्या सदस्येने दहा रुपये ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे, आणि प्रत्येक वेळी वहीत जमा लिहायची, तसा हा प्रकार. दिवसभरात अशा खोट्या नोंदींची बेरीज शेकड्यांत जाते. काही ॲप छोटे चढउतार गाळून टाकतात, काही गाळत नाहीत. म्हणून एकाच वाटेवर त्या दोघी पाहुण्यांच्या मोबाइलांनी ९६० आणि ८१० असे दोन आकडे दाखवले. फसवणूक कुणाचीच नव्हती.

आणखी एक गंमत. दोन मोबाइल एकाच ओट्यावर ठेवले तरी ते वेगवेगळी उंची दाखवू शकतात. काही ॲप समुद्राच्या पातळीपासून उंची सांगतात, तर काही पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून. आपल्या भागात या दोन्हींत पन्नास-साठ मीटरचा फरक पडतो. कोकणात समुद्राकाठी उभं राहून एखादा मोबाइल उणे पन्नास दाखवतो तो यामुळेच. पण घाबरू नका. सुरुवातीलाही पन्नास कमी आणि शेवटीही पन्नास कमी, मग चढ तेवढाच राहतो. उंची चुकली तरी चढ बरोबर येऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

दुसरी रीत, हवेच्या दाबावरून. जसजसं वर जावं, तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. आपल्या डोंगरांच्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की दाब एक मिलिबारने कमी होतो. हा दाब मोजणारं यंत्र म्हणजे बॅरोमीटर. ते त्या महाग घड्याळात असतं, आणि काही मोबाइलमध्येही असतं. स्वस्त मोबाइलमध्ये बहुतेक नसतं. आपल्या मोबाइलमध्ये आहे का हे बघायचं असेल तर दाब दाखवणारं ॲप घ्या आणि घराच्या गच्चीवर जा. आकडा किंचित खाली आला पाहिजे.

बॅरोमीटर छोटे चढउतार फार छान पकडतो. पण त्यालाही एक खोड आहे. हवेचा दाब आपण न हलताही बदलतो. पाऊस-वादळ आलं तर बदलतोच, पण आपल्याकडे स्वच्छ दिवशीही सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक तीन-चार मिलिबारचा. आम्ही ते घड्याळ दिवसभर समाजमंदिराच्या फळीवर ठेवलं. संध्याकाळी चार वाजता ते म्हणालं, मी २७ मीटर वर चढलो! मावश्या हसून हसून बेजार झाल्या. एक म्हणाली, "बसल्या जागी चढणारं घड्याळ माझ्या नवऱ्याला द्या."

म्हणून बॅरोमीटर वापरताना सुरुवातीला खरी उंची भरून घ्यायची. ती कुठे मिळेल? रेल्वे स्टेशनच्या पाटीवर. इगतपुरीला उतरलात तर फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बघा, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आणि डोंगरावरून परत त्याच जागी आल्यावर घड्याळ काय म्हणतं ते बघायचं. निघताना ७२० आणि परतल्यावर ७४५ असेल, तर हवेने पंचवीसची भर घातली असं समजायचं.

तिसरी रीत, नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ सालापासून देशाचे नकाशे तयार करतो. एव्हरेस्ट हे जगातलं सगळ्यात उंच शिखर आहे, हे गणिताने दाखवणारे राधानाथ सिकदर याच खात्यात होते. या खात्याच्या डोंगरी भागाच्या नकाशावर तपकिरी वेड्यावाकड्या रेषा असतात. त्यांना समोच्च रेषा म्हणतात. शाळेत भूगोलात शिकलो होतो, आठवतं का? एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीच्या. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर अशा नकाशात दोन रेषांमध्ये वीस मीटरचं अंतर असतं, आणि दर पाचवी रेषा जाड असते. रेषा जवळ जवळ आल्या की तिथे कडा आहे, लांब लांब असल्या की सपाटी आहे.

आम्ही नकाशाची झेरॉक्स मोठी करून घेतली. गाईड ताईने पेन्सिलीने वाट काढली. नकाशा तिने आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता, पण खिंड कुठे आणि घळ कुठे, हे तिने आमच्या आधी ओळखलं. मग तिने चढताना ओलांडलेल्या रेषा मोजल्या. नऊ, मग पंधरा, मग दहा. एकूण ३४. चौतीस गुणिले वीस, ६८०. हा आकडा घरात बसून निघाला, बॅटरी न लावता. नकाशाची मर्यादा एवढीच की दोन रेषांच्या मधले लहान चढउतार त्यात दिसत नाहीत, आणि वाट नकाशावर नीट ओळखता आली पाहिजे.

काही ॲप स्वतःच अशा साठवलेल्या उंचीवरून चढ काढतात. त्यातली बरीच माहिती २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवस रडार फिरवून गोळा केलेली आहे. पण त्यात जमिनीचे साधारण तीस-तीस मीटरचे चौकोन केलेले आहेत आणि एका चौकोनाला एकच उंची. माळरानावर ते चालतं. आपल्या सह्याद्रीत तीस मीटरमध्ये कड्याचा माथाही येतो आणि तळही. कड्याखालच्या पदरातून सरळ चालणाऱ्या बाईला असं ॲप उगाचच वर-खाली नाचवतं.

चौथी रीत सगळ्यात जुनी. पायऱ्या मोजणे. आमच्या देवीच्या टेकडीला ३४० पायऱ्या आहेत. दहा पायऱ्यांची उभी उंची टेपने मोजली, दहाने भागली. एका पायरीची उंची १७ सेंटिमीटर आली. म्हणजे टेकडी जवळजवळ ५८ मीटरची. ही उंची आम्हाला पक्की माहीत झाली, आणि हीच आमची कसोटी ठरली. तराजू तपासायला जसं पक्कं वजन लागतं, तसं. घड्याळ आणि तीन मोबाइल घेऊन आम्ही टेकडी तीनदा चढलो-उतरलो. खरा चढ १७३ मीटर. साध्या दोन मोबाइलांनी दाखवले २४० आणि २०५. सचिव ताईच्या मोबाइलमध्ये बॅरोमीटर निघाला, त्याने दाखवले १७६. घड्याळाने १७१.

दुसऱ्या दिवशी सगळं घेऊन मोठा डोंगर चढलो. नकाशाचा चढ ६८०. घड्याळाने ६९० दाखवला, सचिव ताईच्या मोबाइलने ७१५. साधे मोबाइल पुन्हा आठशे-नऊशेच्या घरात गेले.

मग बैठक बसली. घड्याळ चांगलं आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं. रोज नव्या डोंगरावर जाणाऱ्याला किंवा डोंगरात धावण्याच्या शर्यतीचा सराव करणाऱ्या मुलीला ते उपयोगाचं आहे. पण आमच्या वाटा पाचच आहेत, त्या बदलत नाहीत. एकदा नीट मोजल्या की झालं. घड्याळ आणि नकाशा यांत दहा मीटरचा फरक, आणि त्या दहा मीटरसाठी अठरा हजार? ठराव झाला की घड्याळ घ्यायचं नाही. नकाशा, पायऱ्यांवर तपासलेला सचिव ताईचा मोबाइल, आणि एक वही. झेरॉक्स, टेप आणि वही मिळून खर्च दीडशे रुपयांच्या आत. मुलीच्या फीचं कर्ज त्याच बैठकीत मंजूर झालं.

तुमच्याकडे साधाच मोबाइल असेल तरी काम अडत नाही. काही गोष्टी पाळा. निघण्याआधी उघड्यावर पाच मिनिटं थांबा, म्हणजे उपग्रह नीट सापडतात. नकाशा घरीच उतरवून घ्या, डोंगरात नेटवर्क नसतं. बॅटरी वाचवायला मोबाइल विमान मोडवर टाका, बहुतेक मोबाइलवर जीपीएस तरीही चालतं. मोबाइल पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा. विसाव्याला बसलात की नोंद थांबवा, नाहीतर बसल्या बसल्या चढ वाढतो. एकच ॲप कायम वापरा. आज एक, उद्या दुसरं असं केलं तर दोन वाटांची तुलना होत नाही. आणि आकडा सांगताना पन्नासच्या पटीत सांगा. आम्ही ६८० ला "सातशे" म्हणतो. पाहुण्याला ६८३ सांगण्यात काही अर्थ नाही.

आता आमच्या जेवणाच्या पडवीत एक फळा आहे. प्रत्येक वाटेपुढे चार गोष्टी लिहिल्या आहेत. अंतर, एकूण चढ, जायला-यायला लागणारा वेळ आणि निघायची शेवटची वेळ. माथ्याच्या वाटेपुढे लिहिलंय, "सकाळी आठनंतर निघायचं नाही." दुपारी आलेले पाहुणे हिरमुसतात, पण फळा दाखवला की वाद होत नाही. गुडघे दुखणाऱ्या मावशी स्वतःच म्हणतात, मी तळ्याच्या वाटेने जाते.

दुसरा बदल आमच्या गाईड तायांच्या पैशांत झाला. आधी सगळ्या वाटांना एकच दर होता. तळ्याकाठी फिरवून आणणारी आणि सातशे मीटर चढून जाणारी, दोघींना सारखेच पैसे. आता तीन दर आहेत. तीनशे मीटरपर्यंत एक, सहाशेपर्यंत दुसरा, त्यावर तिसरा. पाहुण्यांची पिशवी उचलायची असेल तर त्याचे वेगळे. कुणी घासाघीस करायला लागलं की ताई वही पुढे करते.

आणि आता जे सांगते, ते आम्ही ठरवलंच नव्हतं. टेकडीच्या पायऱ्या मोजून आम्ही खाली बसलो होतो. गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, पाहुण्यांचा चढ मोजलात. माझ्या विहिरीचा कधी मोजणार?" आम्ही सगळ्या गप्प. एप्रिलमध्ये तो मोजला. वस्तीपासून उन्हाळी विहीर चाळीस मीटर खाली आहे. मावशींच्या सुनेच्या दिवसाला चार खेपा. चार गुणिले चाळीस, दिवसाला १६० मीटर चढ, डोक्यावर भरलेला हंडा. महिन्याचे ४८०० मीटर. कळसूबाईची समुद्रापासूनची सगळी उंची तीनदा धरली, तर जवळजवळ तेवढा. ट्रेकवाले एकदा चढून आले की फोटो लावतात. ती दर महिन्याला एवढं चढते आणि संध्याकाळी चूल पेटवते.

ग्रामसभेत वस्तीवर पाणी चढवायचा अर्ज आम्ही आधीही दिला होता. त्यात "विहीर लांब आहे" असं लिहिलं होतं, आणि उत्तर मिळालं होतं की अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आतच आहे. या वेळी आम्ही अंतर लिहिलं, एका खेपेचा चढ लिहिला, खेपा लिहिल्या, मोजणी कशी केली ते लिहिलं आणि नकाशाची झेरॉक्स जोडली. अर्ज अजून पुढे सरकतो आहे, काम झालेलं नाही. पण या वेळी कुणी म्हणालं नाही की विहीर जवळच आहे.

पाऊस आता ओसरतो आहे. पाहुणे येऊ लागतील, नवरात्रात आपणही डोंगरावर जाऊ. त्याआधी तुमच्या गटाने एवढं करा. गावाजवळच्या एखाद्या जिन्याच्या किंवा देवळाच्या पायऱ्या मोजा, त्यावर आपला मोबाइल तपासा, आणि नेहमीच्या एका वाटेचा एकूण चढ काढून वहीत लिहून ठेवा. तारीख टाका, कोणत्या रीतीने मोजला तेही लिहा.

आमची गाईड ताई या हंगामातही जाणार आहे. परवा एका चमूने तिला विचारलं, "किती लांब आहे?" ती म्हणाली, "लांब साडेचार किलोमीटर. पण आधी विचारा, चढ किती आहे."